रोपं दोन पानांवर येऊन थांबतात: खारवट मातीत संजीवकं कुठे साथ देतात, कुठे घात करतात

बी चांगलं उगवतं. पहिल्या आठवड्यात वाफा हिरवागार दिसतो. मग दोन-तीन पानांवर येऊन रोपं थांबतात, खालच्या पानांची टोकं करपतात, ओळीत जागोजाग रोपं जातात. नांग्या भरल्या, तर भरलेली रोपंही त्याच टप्प्यावर अडकतात. पुढच्या हंगामात कुणीतरी जिब्रेलिक आम्ल या संजीवकाची (वनस्पतीची वाढ हाकणाऱ्या किंवा आवरणाऱ्या द्रव्यांना संजीवकं म्हणतात) बीजप्रक्रिया सुचवतं. उगवण आणखी सुधारते, आणि रोपं पुन्हा दोन-तीन पानांवरच थांबतात.

खारवट जमिनीत किंवा खाऱ्या पाण्यावर रोपं वाढवणाऱ्यांची ही तक्रार फार चिवट आहे. ती पुन्हा पुन्हा येते, कारण बियाण्याला लागणारा इशारा आणि रोपाला लागणारा इशारा वेगळा असतो, आणि आपण दोघांनाही एकाच बाटलीतून पाजतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, खारात रोपाचं थांबणं हे बऱ्याच वेळा त्याचं दुखणं नसून त्याचा बचाव असतो. रोपानं स्वतःची संजीवकं वापरून घेतलेला तो निर्णय असतो. तो बाहेरून मोडला, तर रोप चार दिवस उंच दिसतं आणि मग जातं.

आधी क्षारांचाच त्रास आहे ना, हे बघा

रोप उपटून खोडाचा तळ पाहा. तळ मऊ, पाणचट, दोऱ्यासारखा बारीक झालेला असेल आणि पानं हिरवी असतानाच रोप आडवं पडत असेल, तर ती बुरशीमुळे होणारी रोपांची मर आहे. तिथे संजीवकांचा काही संबंध नाही. क्षारांच्या त्रासात खोड ताठ राहतं. नवी पानं लहान, जाड आणि नेहमीपेक्षा गडद, निळसर हिरवी दिसतात. करपणं सुरू होतं ते सर्वांत जुन्या पानाच्या टोकापासून आणि कडेपासून. नत्राच्या कमतरतेतही जुनं पानच आधी पिवळं पडतं, पण तिथे सगळं पान सारखं फिकट होतं, कडा जळत नाहीत. पालाशाची कमतरता मात्र क्षारांसारखीच दिसते. त्यात नवल नाही, कारण मातीत सोडियम वाढला की मुळांना पोटॅशियम घेणं अवघड जातं आणि दोन्ही दुखणी एकत्रच येतात.

बी उगवूनच वर येत नसेल, मातीवर कडक पापुद्रा धरत असेल, पाणी तासन्‌तास साचत असेल आणि सामू ८.५ च्या वर असेल, तर जमीन खारवट नसून चोपण आहे. पापुद्र्याखाली वाकून पडलेल्या कोंबाला कोणतंही संजीवक वर काढू शकत नाही. तिथे जिप्सम लागतं. जिप्सममधला कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमची जागा घेतो, आणि सुटलेला सोडियम निचऱ्याच्या पाण्याबरोबर खाली जावा लागतो. निचरा नसेल तर जिप्सम टाकूनही सोडियम तिथेच राहतो.

ट्रेमधल्या रोपांत हीच लक्षणं दिसली, तर जमिनीकडे नव्हे, कोकोपीटकडे बघा. नीट न धुतलेल्या कोकोपीटमध्ये सोडियम आणि पोटॅशियमचे क्लोराइड भरपूर असू शकतात. खतही तपासा. बियाण्याच्या अगदी जवळ पडलेलं म्युरिएट ऑफ पोटॅश कोवळ्या मुळाला मिठासारखंच भोवतं. सोडियम नायट्रेटला १०० धरलं, तर क्षारांच्या निर्देशांकावर म्युरिएट सुमारे ११६ वर आहे आणि सल्फेट ऑफ पोटॅश सुमारे ४६ वर. रोपवाटिकेत फक्त हा एक बदल केला तरी बराच ताण उतरतो.

वरचे पाच सेंटिमीटर

माती परीक्षणाचा अहवाल चांगला आला आणि रोपं मात्र मरतात, हे कोडं अनेकांना पडतं. त्याचं उत्तर नमुन्याच्या खोलीत असतं. नेहमीचा नमुना १५ किंवा ३० सेंटिमीटरपर्यंतचा मिसळलेला असतो. रोप त्या सरासरीत राहत नाही, ते वरच्या पाच सेंटिमीटरमध्ये राहतं. दोन पाण्यांच्या मधल्या काळात ओलावा केशाकर्षणानं वर चढतो, पृष्ठभागावरून उडून जातो आणि सगळे क्षार तिथेच सोडून जातो. त्यामुळे वरच्या थरातली क्षारता खालच्या मातीच्या कितीतरी पट असू शकते. सरी-वरंबा पद्धतीत वरंब्याचा माथा सर्वांत खारट होतो, आणि नेमकं तिथेच बी टोकलं जातं.

म्हणून वरच्या पाच सेंटिमीटरचा नमुना वेगळा काढा, आणि तोही पाणी दिल्यावर लगेच नको, पुढच्या पाण्याच्या आदल्या दिवशी काढा. एक भाग मातीत पाच भाग ऊर्ध्वपातित पाणी घालून ईसी (विद्युतवाहकता; क्षार जितके जास्त, तितकी ती जास्त) मोजत असाल, तर आलेला आकडा जसाच्या तसा पिकांच्या क्षारसहनशीलतेच्या तक्त्याशी जुळवू नका. तक्ते संपृक्त मातीच्या अर्कावर बेतलेले असतात. त्यासाठी आकड्याला जमिनीच्या पोतानुसार साधारण ६ ते १५ नं गुणावं लागतं. भारी जमिनीत गुणक लहान, हलक्या जमिनीत मोठा.

संपृक्त अर्काची ईसी मीटरला ४ डेसिसायमन झाली की जमीन खारवट धरतात. याचा अर्थ त्या पाण्यात लिटरमागे साधारण अडीच ग्रॅम क्षार विरघळलेले आहेत आणि पाणी ओढण्यासाठी मुळाला सुमारे ०.२ मेगापास्कल जादा जोर लावावा लागतो. पण सगळ्या पिकांना ४ ची वाट पाहावी लागत नाही. घेवडा आणि गाजराचं उत्पादन १ च्या पुढेच घटू लागतं, कांद्याचं १.२ पासून, मिरचीचं १.५ पासून, मक्याचं १.७ पासून, टोमॅटोचं २.५ पासून, भाताचं ३ पासून. गहू ६ पर्यंत आणि जव ८ पर्यंत तग धरतात. उतारही सारखा नसतो: मर्यादा ओलांडल्यावर दर एका डेसिसायमनमागे घेवड्याचं उत्पादन सुमारे १९ टक्क्यांनी पडतं, जवाचं ५ टक्क्यांनी.

हे आकडे पूर्ण वाढलेल्या पिकाच्या उत्पादनाचे आहेत, हे इथे अधोरेखित करायला हवं. रोपाची मर्यादा वेगळी असते. भात उगवताना बराच खार सोसतो, पण दोन-तीन पानांवर अतिशय नाजूक होतो आणि पुढे फुलोऱ्यात पुन्हा नाजूक होतो. शुगर बीट याच्या अगदी उलट: मोठं झाल्यावर ७ डेसिसायमनपर्यंत टिकतं, उगवताना मात्र ३ च्या वर गेलं की मार खातं. म्हणून ‘उगवण चांगली झाली, म्हणजे मिठाचा प्रश्न सुटला’ हा निष्कर्ष भाताच्या बाबतीत हमखास चुकतो.

रोपाच्या आत काय चालतं

क्षारांचा मार दोन टप्प्यांत बसतो. पहिला मार पाण्याचा. मुळाभोवतीचं पाणी खारट झालं की पानाची वाढ मिनिटांत मंदावते. अजून पानात सोडियम पोचलेलाही नसतो. दुसरा मार सोडियमचा. तो दिवसागणिक जुन्या पानांत साठत जातो आणि ती पानं करपतात. नवी पानं येण्याचा वेग जुनी पानं मरण्याच्या वेगापेक्षा जास्त राहिला, तर रोप वाचतं. दोन-तीन पानांच्या रोपाकडे गमवायला पानंच नसतात, म्हणून तिथेच ते अडतं.

पहिल्या टप्प्यात सूत्रं ॲब्सिसिक आम्ल या संजीवकाकडे असतात. मुळाला आणि पानाला पाण्याची ओढ जाणवली की त्याची पातळी वाढते. पेशीत त्याला ओळखणारी प्रथिनं असतात. २००९ साली ती निश्चितपणे सापडली. ॲब्सिसिक आम्ल त्यांना चिकटलं, की एरवी संकेत दाबून धरणारी विकरं स्वतःच दाबली जातात, पुढची साखळी मोकळी होते, पर्णरंध्राच्या रक्षक पेशींतून पोटॅशियम आणि ऋणभारित आयन बाहेर पडतात आणि रंध्र मिटतं. बाष्पोत्सर्जन कमी होतं. हे फक्त पाणी वाचवणं नाही. सोडियम पानात जातो तो पाण्याच्या प्रवाहाबरोबर, त्यामुळे प्रवाह मंदावला की सोडियमही कमी पोचतो. याच आम्लामुळे मुळाच्या अंतस्त्वचेत सुबेरिनचा मेणचट थर वाढतो आणि मीठ आडवाटेनं आत शिरणं कठीण होतं. पेशींत प्रोलिनसारखी द्रव्यं साठतात, आणि त्यांच्या बळावर पेशी पाणी धरून ठेवते.

दुसऱ्या टप्प्यात मुळांतली आणि खोडातली वाहक प्रथिनं कामाला येतात. एक सोडियमला मुळाबाहेर ढकलतं. ते एसओएस या नावानं ओळखल्या जाणाऱ्या साखळीचा शेवटचा दुवा आहे, आणि ती साखळी कॅल्शियमच्या संकेतावर चालते. दुसरं सोडियमला रिक्तिकेत कोंडून ठेवतं. तिसरं वर निघालेल्या रसातून सोडियम परत काढून घेतं आणि पानापर्यंत जाऊ देत नाही. पोक्काली आणि नोना बोकरा या भाताच्या जुन्या वाणांची खारातली ताकद शोधताना संशोधक पहिल्या गुणसूत्राच्या ज्या भागापाशी पोचले, तिथे याच तिसऱ्या प्रकारच्या प्रथिनाचं जनुक आहे. संजीवकं या वाहकांना ‘आता वाढा’ किंवा ‘आता थांबा’ एवढंच सांगतात. वाणात चांगला वाहकच नसेल, तर सांगून उपयोग थोडाच होतो. संजीवकावर खर्च करण्यापूर्वी वाण बदलता येतो का, हे बघावं असं मी म्हणतो ते यासाठी.

बियाण्याच्या टप्प्यावर

इथे संजीवकं खरोखर मदत करतात. बी रुजायचं की थांबायचं, हे ॲब्सिसिक आम्ल आणि जिब्रेलिन (जिब्रेलिक आम्ल याच गटातलं) यांच्या तोलावर ठरतं. खारट मातीत तोल पहिल्याकडे झुकतो आणि बी अडून राहतं. बाहेरून थोडं जिब्रेलिक आम्ल दिलं, की साठवलेला स्टार्च फोडणारी विकरं लवकर तयार होतात आणि कोंब बाहेर पडतो. उशीर टळतो, हा मोठा फायदा. कारण वरचा थर दिवसागणिक सुकत आणि खारट होत असतो, आणि लवकर उगवलेल्याचं मूळ लवकर खाली जातं.

प्रयोगांत साधारणपणे ५० ते १०० पीपीएम जिब्रेलिक आम्ल किंवा ०.५ मिलिमोल सॅलिसिलिक आम्ल वापरलं जातं. सॅलिसिलिक आम्लाचा हा हिशेब लिटरला सुमारे ६९ मिलिग्रॅम होतो. ते पाण्यात सावकाश विरघळतं आणि द्रावण चांगलंच आम्लधर्मी होतं, म्हणून सामू ६ च्या आसपास आणून मगच बी भिजवावं. डोस दुप्पट केला की परिणाम दुप्पट होईल, हा समज सोडून द्या. सॅलिसिलिक आम्ल जास्त झालं की तेच उगवण रोखतं आणि रोपात ऑक्सिडेशनचा ताण वाढवतं.

तरीही बीजप्रक्रिया फसते. कारण बहुतेक वेळा संजीवकात नसतं, भिजवण्यात असतं. बी भिजवून परत सावलीत, वारा लागेल असं, जवळजवळ मूळ वजनावर येईपर्यंत सुकवायचं असतं. वजन करूनच सुकवा, हाताच्या अंदाजावर राहू नका. भिजवताना आदिमूळ बाहेर पडलं असेल, तर सुकवल्यावर ते मरतं. कडधान्यांचं बी पाणी झपाट्यानं शोषताना तडकतं आणि त्यातली द्रव्यं झिरपून जातात. त्याला ओल्या कापडात थोडा वेळ ठेवणं पुरतं. प्रक्रिया केलेलं बी साठवू नका, लवकर पेरा.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. भिजवण्याच्या फायद्याचा मोठा हिस्सा अनेकदा नुसत्या पाण्यानंच मिळतो. कोरडं बी आणि संजीवकात भिजवलेलं बी एवढीच तुलना केली, तर पाण्याचं श्रेय संजीवकाला जातं. तिसरा गट नुसत्या पाण्यात भिजवलेल्या बियाण्याचा हवाच.

कॅल्शियम क्लोराइडच्या सौम्य द्रावणात बी भिजवणं हाही जुना आणि खात्रीचा मार्ग आहे. मुळांभोवती पुरेसा कॅल्शियम असला की पेशीचं आवरण सोडियमपेक्षा पोटॅशियमला पसंती देत राहतं. घेवड्यावर हे १९६९ सालीच दाखवलं गेलं आहे. ज्या पाण्यात सोडियम भरपूर आणि कॅल्शियम कमी, तिथे संजीवकाआधी कॅल्शियमचा विचार करा.

उगवल्यानंतर जिब्रेलिक आम्ल? नको

तक्रार परत परत येण्याचं मुख्य कारण हे आहे. बियाण्याला फायदा झाला, म्हणून तेच थांबलेल्या रोपावर फवारलं जातं.

रोपात जिब्रेलिनचं काम वाढीवरचा लगाम सोडण्याचं असतं. हा लगाम म्हणजे डेला नावाची प्रथिनं. जिब्रेलिन असलं की ती नष्ट होतात आणि पेशी लांबतात. खारट मातीत रोप स्वतःच सक्रिय जिब्रेलिन कमी करतं, डेला प्रथिनं साठतात आणि वाढ मंदावते. २००६ साली ॲरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या वनस्पतीवर झालेलं काम या बाबतीत अगदी स्पष्ट आहे: ज्या रोपांत ही डेला प्रथिनं नव्हती, ती खारातही वाढत राहिली, आणि टिकून राहण्यात मागे पडली. ज्यांनी वाढ आवरली, ती जास्त जगली.

जिब्रेलिनचा शोधच मुळी रोपांच्या एका रोगातून लागला. जपानमध्ये भाताची काही रोपं अवाजवी उंच, फिकट आणि बारीक होऊन कोलमडत. १९२६ साली कुरोसावा यांनी दाखवलं, की बुरशी वाढवून गाळून घेतलेल्या द्रवानंही तीच लक्षणं येतात. पुढे त्या द्रवातून जिब्रेलिन वेगळं काढलं गेलं. थांबलेल्या रोपावर फवारणी केली, की आपण त्याच दिशेनं जातो. पानाचा पसारा वाढतो, बाष्पोत्सर्जन वाढतं, त्याबरोबर सोडियमचा ओघ वाढतो, आणि मूळ तेवढंच राहतं. फवारणीनंतर तीन-चार दिवस रोप उठल्यासारखं वाटतं. त्यानंतर जुनी पानं एकदम करपतात. ‘औषध लागू पडलं होतं, मग ऊन लागलं’ असं अनेक जण सांगतात. ऊन तर आधीही तेवढंच होतं.

मुळांची बाजू

ताणात असलेल्या मुळात इथिलीन हे वायुरूप संजीवक वाढतं. थोडं इथिलीन उपयोगी असतं, उगवणीला तर ते मदतच करतं. पण कोवळ्या मुळात ते जास्त झालं की मुळाची लांबी खुंटते, अंतस्त्वचेतला सुबेरिनचा थर पातळ होतो आणि पानं लवकर म्हातारी होतात. इथिलीन ज्या द्रव्यापासून बनतं, त्या एसीसीला फोडून अमोनिया आणि अल्फा-कीटोब्युटिरेट करणारे काही जिवाणू मुळांभोवती राहतात. हा तोडगा बर्नार्ड ग्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली मांडला. रोपाच्या बाबतीत मला हा मार्ग फवारणीपेक्षा जास्त पटतो, कारण जिवाणू मुळाशीच राहतात आणि एकदा दिलेल्या डोससारखे संपून जात नाहीत. पण जिवाणू लावलेल्या बियाण्याला त्याच दिवशी बुरशीनाशक चोळलं, किंवा ते क्लोरीनच्या पाण्यात भिजवलं, तर तो खर्च वाया गेला. एसीसी डीअमिनेज, म्हणजे एसीसी फोडणारं विकर, असलेला जिवाणू आहे का, हे विचारूनच घ्या. प्रत्येक जिवाणू खतात तो नसतो.

ऑक्सिन या संजीवकाच्या बाबतीत रोपाला आपल्याहून चांगलं कळतं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळलं, की मूळ खारट बाजूपासून दूर वळतं. मिठाकडच्या बाजूच्या पेशी ऑक्सिन वाहून नेणारं पिन२ हे प्रथिन पृष्ठभागावरून आत ओढून घेतात, दोन बाजूंचं ऑक्सिन असमान होतं आणि मुळाचं टोक वळतं. यातून लगेच करता येण्यासारखी गोष्ट म्हणजे मुळाला वळायला कमी खारट जागा ठेवणं. वरंब्याच्या माथ्याऐवजी कुशीत, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर बी टोका. ठिबक असेल तर तोटी रोपाच्या जवळ ठेवा; तोटीभोवतीची माती धुतलेली राहते आणि क्षार ओल्या गोलाच्या कडेला ढकलले जातात. दोन्ही उपाय फुकटचे आहेत. याउलट पुनर्लागवडीच्या वेळी मुळं ऑक्सिनच्या तीव्र द्रावणात बुडवण्याचा सल्ला मला धोक्याचा वाटतो. जादा ऑक्सिन मुळाला आखूड करतं आणि वर इथिलीनही वाढवतं.

बाजारातल्या बाटल्या

सायटोकायनिन हे संजीवक मुख्यतः मुळांत तयार होतं आणि पानाला तरुण ठेवतं. खारात त्याची पातळी घसरते, आणि ही घसरणसुद्धा बचावाचाच एक भाग असते. कमी सायटोकायनिन असलेली ॲरॅबिडॉप्सिसची रोपं प्रयोगांत खार आणि कोरडेपणा जास्त सोसताना दिसली आहेत. म्हणून कोवळ्या रोपाला ते घाईनं देऊ नये. समुद्री शेवाळाच्या अर्कात सायटोकायनिनसारखी द्रव्यं असतात, पण सोडियमही असू शकतो. मुळाशी सोडायचा असेल तर आधी पातळ केलेल्या द्रावणाची ईसी मोजा. ती सिंचनाच्या पाण्यापेक्षा बरीच जास्त आली, तर बाटली ठेवून द्या.

ब्रासिनोस्टेरॉइड ही संजीवकं १९७९ मध्ये मोहरीवर्गीय पिकाच्या परागातून ओळखली गेली. ती अत्यल्प मात्रेत काम करतात, त्यामुळे मोजमापाची चूक सहज होते. लेबलवरचा डोस पाळा. बीजप्रक्रियेत आणि पहिल्या पानांवर त्यांचे परिणाम अनेक पिकांत चांगले दिसले आहेत. जॅस्मोनेट ताणाच्या संकेतात भाग घेतं, पण जास्त झालं की वाढ रोखतं. कोवळ्या रोपावर मी ते वापरणार नाही.

रोपं आत्ता वाफ्यात उभी असतील तर

फवारणीचा पंप बाजूला ठेवा आणि पाण्याची ईसी मोजा. पाण्याची ईसी १.५ असेल आणि टोमॅटोची २.५ ची मर्यादा पाळायची असेल, तर क्षार खाली ढकलण्यासाठी किती पाण्याचा निचरा व्हायला हवा, याचं गणित सोपं आहे: १.५ भागिले (५ गुणिले २.५ वजा १.५), म्हणजे सुमारे १४ टक्के. तेच पाणी कांद्याला द्यायचं असेल तर हा वाटा ३३ टक्क्यांवर जातो. निचरा नसेल तर एवढं पाणी घालून मुळं गुदमरतील, तेव्हा आधी चर काढा.

पाणी संध्याकाळी द्या, कमी अंतरानं द्या, वरचा थर सुकू देऊ नका. तुषार सिंचन बंद करा, कारण खारं पाणी पानावर सुकलं की सोडियम मुळाला वळसा घालून थेट पानात शिरतो. पहिले काही दिवस सावलीची जाळी किंवा आच्छादन करा. ॲब्सिसिक आम्ल रंध्रं मिटून जे साधायला बघतं, तेच काम जाळी बाष्पोत्सर्जन कमी करून हलकं करते, आणि रोपाला प्रकाशसंश्लेषणाची तेवढी किंमत मोजावी लागत नाही. भातात सिलिकॉननं सोडियमची आडवाट कमी होते. तो द्यायचा तर आत्ताच, फुलोऱ्यात नव्हे.

ट्रेमधली रोपं अजून लावायची असतील, तर त्यांना हळूहळू सवय लावा. लावणीपूर्वीच्या आठवड्यात पाणी थोडं ताणा, आणि शेवटच्या दोन-तीन पाण्यांत शेतातलं पाणी टप्प्याटप्प्यानं मिसळा. सौम्य ताणानं रोपाचं स्वतःचं ॲब्सिसिक आम्ल वाढतं, प्रोलिन साठू लागतं, सुबेरिनचा थर येतो. गोड्या पाण्यावर लाडात वाढवलेलं रोप एका दिवसात खाऱ्या मातीत गेलं, की यातलं काहीच तयार नसतं. बाहेरून ॲब्सिसिक आम्ल देऊनही असाच परिणाम साधता येतो, पण ते महाग असतं आणि प्रकाशात लवकर निकामी होतं; पाण्याचा ताण हा त्याचा चांगला पर्याय आहे.

पुढच्या खेपेला मोजून बघा

चार गट करा: कोरडं बी, नुसत्या पाण्यात भिजवलेलं, कॅल्शियमच्या द्रावणात भिजवलेलं, संजीवकात भिजवलेलं. प्रत्येक गटाचं शंभर बी, पंचवीस-पंचवीसच्या चार ठिकाणी, त्याच वाफ्यातल्या मातीत लावा. कागदावरची उगवण चाचणी पुरेशी नाही, कारण कागदावर वरचा खारट थर नसतो.

उगवणीची टक्केवारी टिपा, पण निर्णय तिच्यावर घेऊ नका. तिसरं पान पूर्ण उघडेपर्यंत थांबा आणि जिवंत रोपं मोजा, मुळांची लांबी बघा, जमलं तर पानातल्या सोडियम आणि पोटॅशियमचं प्रमाण तपासून घ्या. पाण्याचा आणि संजीवकाचा गट बरोबरीत आले, तर संजीवक सोडा आणि पाण्यात भिजवणं चालू ठेवा. संजीवकाचा गट उगवणीत पुढे आणि तिसऱ्या पानावर बरोबरीत असेल, तर त्यानं बियाण्याचं काम केलं आहे. पुढचा प्रश्न वरच्या थराचा आहे आणि तो निचऱ्यानं सोडवायचा आहे. चारही गट तिसऱ्या पानाआधीच गेले, तर वरच्या पाच सेंटिमीटरची ईसी पिकाच्या मर्यादेजवळ येईपर्यंत त्या वाफ्यात दुबार पेरणी करू नका.